मोकळी हाक

१

पेणच्या एसटी स्टँडवर सकाळी उतरल्याबरोबर दिनानाथ वेळापत्रकाच्या फळीसमोर जाऊन उभा राहिला. लग्न झाल्यापासून देवापुढेसुद्धा तो इतका वेळ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. दिनानाथ म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते. कागदावर अरे-तुरे करण्याची मुभा मी माझी मीच घेतली आहे.

लोक लग्नानंतर महाबळेश्वरला जातात. आम्ही एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास काढून निघालो होतो. कुणाला आवडेल तेथे, ते पासवर लिहिलेलं नसतं. आज पेण, मग जोहे, जेवायला परत पेण, दुपारी रोहा, संध्याकाळी मुरूड. मुक्कामाला धर्मशाळा, नाहीतर एखादी ओळखीची ओसरी. “आपण टुरिस्ट नाही, भटके आहोत,” असं तो अभिमानाने सांगायचा. भटक्यांची हॅवरसॅक तो उचलायचा, आणि तिच्यात न मावलेलं सगळं मी.

पण माझा राग पिशव्यांचा नव्हता. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, याच्या हातात अंगठी दिली आणि याने तांदळात ‘केतकी’ असं कोरलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव सगुणा. ते माझ्या आजीचं. नणंदबाईंना, म्हणजे याच्या ताईला, ते भाजीवालीचं वाटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली. खीर मीही खाल्ली, काय करणार.

भांडण मला जमत नाही. राग आला की मी गप्प होते. म्हणून मनाशी एवढंच ठरवलं की त्या नावाला ओ द्यायची नाही. हाक आली की उठायचं, सांगतील ते करायचं, पण तोंडातून ओ काढायची नाही. माझं बंड इतकं सभ्य होतं, की सासरी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर त्या सकाळी मी स्टँडच्या नळावर बाटली भरत होते. दिनानाथ फळीकडे तोंड करून उभा होता. मान न वळवता त्याने हाक मारली, “केतकी!”

मी ओठ मिटून घेतले. तो क्षणभर थांबला, कुणी काही विचारलं की माणूस थांबतो तसा, आणि मग म्हणाला, “मोठी. छोटी राहू दे.”

बाटल्या आमच्याकडे दोन होत्या, एक मोठी आणि एक छोटी. पण मी काहीच विचारलं नव्हतं.

२

जोह्याच्या गाडीत त्याला पुढे ड्रायव्हरच्या मागे जागा मिळाली आणि मला त्याच्या मागच्या बाकावर. त्याच्या मानेवरची ताजी कटिंग बघत मी बसले होते. दोन्ही बाजूंना कापून झालेली भातशेती, भेगाळलेली. मे महिना. गाडीचा पत्रा न् पत्रा बोलत होता.

“केतकी, हमरापूर आलं बघ. इथूनच मूर्ती अमेरिकेपर्यंत जातात.”

मी बघितलं, बोलले काही नाही.

“नाही, बोटीने,” तो म्हणाला. थोड्या वेळाने हसला. “अगं, फुटत कशाला? पेंढ्यात भरतात.”

आता हे खरं, की दिनानाथ एकटासुद्धा बोलू शकतो. शाळेत मास्तर आहे तो. प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देण्याची मास्तरांना सवय असते. मी स्वतःला तसंच समजावलं. पण तो बोलून थांबायचा, ऐकायचा, मान हलवायचा. मला बघायला आला होता तेव्हाही इतका वेळ त्याने माझं ऐकलं नव्हतं.

माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी झोपली होती.

३

जोह्यात कमळाकर म्हात्रे नावाच्या माणसाचा मूर्तींचा कारखाना होता. दिनानाथच्या शाळेतल्या कुणाची तरी ओळख. लांबलचक पत्र्याची शेड, आणि आत फळ्यांवर फळ्या रचून छपरापर्यंत गणपती. रंग अजून लागला नव्हता. सगळे पांढरे, सगळे सारखे. फळ्यांच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढ्या गल्ल्या. त्या गल्ल्यांत बाया पाटावर बसून पॉलिश पेपरने मूर्ती घासत होत्या. दिसत कुणीच नव्हती. फक्त खस्स खस्स आवाज, आणि हवेत पांढरी भुकटी.

“चिमा!” कमळाकरांनी दारातून हाक दिली.

“ओ!” कुठून तरी आली.

“मालू!”

“ओ!”

“ह्ये असं हाय बगा,” कमळाकर दिनानाथला म्हणाले. “मान्सं दिसत नाय. ओ आली का समजायचं, ही या रांगंत, ती त्या रांगंत. मंग तिकडं माल द्याचा. सायेब, हात नका लावू. ओली हाय ती.”

दिनानाथने हात मागे घेतला आणि त्यांच्याबरोबर साचे बघायला टोकाला गेला. मी दाराजवळच्या गल्लीत गोदूबाई नावाच्या बाईपाशी टेकले. साठीची असेल. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या, वयाने की भुकटीने कळत नव्हतं. मूर्तीच्या कानामागचा जोड ती घासत होती.

“नवीन लगीन का गो?” माझ्या हिरव्या चुड्याकडे बघून तिने विचारलं.

“हो.”

“नि इकडं आनलान तुला? दगडमाती बघाला?” ती खुदकन हसली. “माजा घोव तरी मला पनवेलला सिनेमाला नेलता.”

तेवढ्यात शेडच्या टोकाकडून दिनानाथचा आवाज आला. “केतकी! इकडे ये, हा साचा बघ!”

मी ओठ मिटले.

“ओ,” आवाज आला.

मधल्या रांगेतून. बाईचा आवाज, गोड आणि तत्पर. उठायला निघालेल्या बाईचा.

सगळ्या गल्ल्यांतली खसखस एकदम थांबली. या बाया दिवसभर एकमेकींना आवाजावर ओळखतात. परका आवाज त्यांना माझ्या आधी कळला.

“कोन गो ती?” गोदूबाई ओरडली. “चिमा, तू का?”

“मी नाय, आत्ये. मी तं हिकडं हाय.”

“मालू?”

“मी पन नाय.”

“त्या रांगंत आज कोन बसलंच नाय,” गोदूबाई पुटपुटली आणि तिने माझ्या तोंडाकडे रोखून पाहिलं. “केतकी तुजाच नाव ना?”

“हो. म्हणजे, नाही. सगुणा.”

“मंग केतकी कोन?”

गोदूबाईने पॉलिश पेपर मांडीवर ठेवला.

“हाक मारली का ओ द्यावी, पोरी. हाक मोकली ठेवू नाय.”

“का?”

“का म्हंजे? हितं जी ओ देत नाय, तिच्या पाटावर दुसरी येऊन बसते.” पलीकडच्या गल्लीत कुणीतरी हसलं, तशी तीही हसली. पण हात तिने लगेच कामाला लावला नाही.

मी उठून त्या मधल्या रांगेत गेले. दोन्ही बाजूंना पांढरी पोटं, पांढऱ्या सोंडा. जमिनीवर भुकटीचा थर. तिथे एक रिकामा पाट होता. बाकी सगळ्यावर भुकटी होती. पाट तेवढा स्वच्छ होता.

४

पेणला परत येऊन एका खानावळीत जेवायला बसलो. दिनानाथ खूष होता. वरण-भात कालवता कालवता म्हणाला, “आज तू किती बोलतेस गं! घरी तर तोंड उघडत नाहीस. मी ताईला सांगणारच आहे, एकदा बाहेर काढा हिला, मग बघा.”

“मी काय बोलले?”

“घ्या! इतका वेळ काय करत होतीस मग?”

“तरी सांगा ना. काय म्हणाले मी?”

त्याला वाटलं, मी लाडात आले आहे. हाताला लागलेला भात चाटत तो म्हणाला, “म्हणालीस, की तुला असंच फिरायला आवडतं. हॉटेलं-बिटेलं नकोतच. म्हणालीस, ताई बोलतात ते तुझ्या भल्याचंच असतं. आणि नाव आवडलं म्हणालीस.”

“कुठलं नाव?”

“केतकी. अंगावर अगदी बसलं म्हणालीस. आधीचं कधी आपलं वाटलंच नव्हतं.”

माझ्या हातातला पेणचा पोह्याचा पापड मी चुरगळून टाकला. भीती वाटायला हवी होती, हे मला कळत होतं. पण जे वर आलं तो संतापच होता. माझ्या आजीचं नाव मी शाळाभर दप्तरावर लिहून मिरवलं. ते मला आपलं वाटत नव्हतं म्हणे! कुणीतरी माझ्या नावाने खोटं बोलत होतं. आणि नवरा ते खोटं भाताबरोबर चवीने खात होता, कारण त्याला हवं होतं नेमकं तेच ते होतं.

“मी असं काही म्हटलेलं नाही,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघून हसला. “बरं, बरं. नाही म्हटलंस.”

मी वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि हात धुवायचं बेसिन. नळ चालू होता. पोऱ्याने येऊन बंद केला.

५

रोह्याच्या गाडीला गर्दी होती. डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारे दारापर्यंत लटकलेले. दिनानाथने पुढे जागा पटकावली, मी मागे दांडा धरून उभी. वडखळ गेलं, खाडीकडची मिठागरं उन्हात पांढरी फटक चमकली. डोलवीला कंपनीवाले उतरले तेव्हा मला मागच्या बाकाची कड मिळाली.

मी विचार करत होते. खुळ्यासारखं वाटत होतं, पण करत होते. जे काही होतं, ते हाकेबरोबर येत होतं. याने नाव घेतलं, मी गप्प राहिले, की त्या रिकाम्या जागेत ते येऊन बसायचं. मग उपाय साधा होता. ओ द्यायची. पण म्हणजे ते नाव घ्यायचं, पदर पसरून. एकतर नाव घ्या, नाहीतर नवरा द्या. दोन्हीपैकी काहीच मी मागितलं नव्हतं.

गडबच्या थांब्यावर दिनानाथने पुढून मान न वळवता हाक मारली, “केतकी, बसायला मिळालं का?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ‘ओ’ माझ्या घशातून निघायच्या आत माझ्या कानाशी आली. इतकी जवळ की श्वास गालाला लागला.

“ओ. मिळालं.”

आवाज माझ्यासारखा नव्हता. माझ्या आईला जशी मुलगी हवी होती, तशा मुलीचा तो होता.

मी बाजूला पाहिलं. खिडकीशी गडबहून चढलेली एक बाई सुक्या बोंबलांची पाटी पायाशी ठेवून बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

“तुम्ही काही बोललात का?” मी विचारलं.

“मी नाय गो,” ती म्हणाली, आणि अंग चोरून खिडकीला टेकली. नागोठणं येईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नागोठण्याला उतरली तेव्हा पाटी डोक्यावर घेऊन तरातरा निघून गेली.

मी उठून पुढे गेले. दिनानाथच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे त्याने रुमाल ठेवला होता.

“सरका,” मी म्हणाले.

“नाही हो, इथे आहे कुणीतरी, मिसेस आहे माझी...” तो बोलला, आणि मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. पापण्या मिटल्या, उघडल्या. “अगं, तूच की! मला वाटलं तू बसलीच आहेस.”

तो जोरात हसला. मी रुमाल उचलून बसले. सीट गरम होती. मे महिन्यात रेक्झिन तापणारच, मी स्वतःला सांगितलं. पण शेजारची, म्हणजे पलीकडच्या रांगेतली रिकामी सीट मी हाताने चाचपून पाहिली. ती थंड होती.

६

रोह्यात त्याला कुंडलिकेचा घाट बघायचा होता. आधी धावीर महाराजांच्या देवळात पाया पडलो, मग उन्हातून नदीवर. नदीत पाणी गुडघाभर. दोन म्हशी डुंबत होत्या. घाटाच्या वरच्या बाजूला मारुती नावाचा एक गोळेवाला बर्फ किसत उभा होता. हे नाव त्याच्या गाडीवर लाल रंगात लिहिलं होतं, माणसापेक्षा मोठं.

दिनानाथने कॅमेरा काढला. रोल महागाचा म्हणून दिवसभर तो बाहेर आला नव्हता.

“केतकी, खाली पायरीवर उभी राहा.”

मी त्याच्या मागे उभी होते, दोन पावलांवर. गोळेवाल्याच्या सावलीत. या वेळी मी मुद्दाम हलले नाही. बघूच, म्हटलं. मास्तरला आपली बायको समोर आहे की मागे, एवढं तरी कळतंय का.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

“जरा डावीकडे. हां. पदर सावर. उन्हाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

पायरीवर कुणी नव्हतं. कोरडा दगड, त्यावर शेवाळाची जुनी काळी रेघ, खाली पाणी.

“आता हस की,” तो म्हणाला, आणि स्वतः हसला. समोरचं माणूस हसलं की आपण हसतो तसा. खटका दाबला.

गोळेवाल्याचा हात थांबला होता. त्याने रिकाम्या पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“सायेब कुणाचा फोटो काढतात?” त्याने मला हळूच विचारलं.

“माझा,” मी म्हणाले. माझाच आवाज मला चिरका लागला.

मी जाऊन दिनानाथचा दंड धरला. लग्नात हात हातात दिला होता तेवढाच. त्यानंतर माणसांत मी त्याला हात लावलेला नव्हता. “अहो, माझ्याकडे बघा. माझं नाव सगुणा आहे. ते तुम्हाला आवडत नसेल तर तसं तोंडावर सांगा. भांडा माझ्याशी. पण जिच्याशी बोलताय ती मी नाही. सकाळपासून तुमच्या एकाही हाकेला मी ओ दिलेली नाही.”

त्याने बघितलं. माझ्याकडेच बघितलं. पण ओळखीचा चेहरा आठवत नसला की बघतो तसं, अवघडून, सभ्यपणे. दंड हळूच सोडवून घेतला.

“चला,” तो म्हणाला. कुणाला, ते मला कळलं नाही. “गाडी चुकेल.”

७

रोह्याच्या स्टँडवर मुरूडची गाडी लागलेलीच होती. माणसं दाराशी चेंगरत होती. दिनानाथ हॅवरसॅक छातीशी धरून आत घुसला. दोन्ही हातांत पिशव्या असल्यामुळे मी मागे राहिले. एका म्हाताऱ्याची काठी माझ्या पायावर आली, कुणाचं कोपर बरगडीत बसलं.

खिडकीतून दिनानाथचं डोकं बाहेर आलं. घामेजलेला, आनंदी. जागा मिळाली की त्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

“केतकी!”

मी पिशव्या खाली टाकल्या. आता मान वगैरे काही राहिला नव्हता. सासर, माहेर, आजी, काही नाही. हा माणूस मला फारसा आवडत होता असंही नाही, पण तो माझा होता, अर्ध्या गावासमोर माझ्या गळ्यात बांधलेला. आणि कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत त्याला घेऊन चाललं होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले.

“ओ!”

दारातली माणसं वळून बघायला लागली. दिनानाथनेही खाली पाहिलं. माझ्याकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर ते मास्तरी, परक्या बायकांसाठी राखून ठेवलेलं सौजन्य आलं.

“तुम्हाला नाही हो, ताई,” तो म्हणाला. “मिसेसना हाक मारली.”

मग तो आत वळला. “अगं, ये, ये. इकडे खिडकीशी बस.”

तो उठला, सरकला, जागा करून दिली. दिवसभरात मला एकदाही खिडकी मिळाली नव्हती. खिडकीच्या गजावर एक हात येऊन टेकला. हिरवा चुडा, मनगटाशी मेंदीचा उतरता रंग. चेहरा दिसला नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला होता, गाडी सुरू झाल्यावर वारा लागतो म्हणून नव्या सुना घेतात तसा. त्या पदराच्या कडेला कारखान्यातली पांढरी भुकटी होती.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

मी धावले. पिशव्या तिथेच राहिल्या. गाडीच्या पत्र्यावर मी दोन्ही मुठी आपटल्या, माझ्या बांगड्या फुटल्या, काच हातात शिरली, तरी आपटत राहिले. मला भीती वाटत नव्हती, हे मी आजही सांगेन. माझ्या अंगात फक्त राग होता, इतका की गाडी उलथून टाकली असती.

“अहो! उतरा खाली! ती मी नाही! मी इथे आहे, मी सगुणा! सगुणा!”

गाडी स्टँडच्या फाटकातून वळली. गजावरचा हात जरासा उचलला गेला.

“ओ,” ती म्हणाली.